बोलले नाहीत तर वीस तास

"सर, टोटल बॅटरी बॅकअप बताइए. कितने घंटे?"

विमान कंपनीच्या मेडिकल डेस्कचा माणूस फोनवर होता. आवाजावरून तरुण वाटत होता. मागे कीबोर्डची टकटक ऐकू येत होती. त्याला एकच आकडा हवा होता आणि माझ्याकडे दोन होते. मशीनच्या माहितीपुस्तकाप्रमाणे वीस तास. माझ्या घड्याळाप्रमाणे जेमतेम सोळा. कंपनीच्या नियमात बसायला पावणेएकोणीस लागत होते. वीस म्हटलं तर आर्वीचे वामनराव चाफले आपल्या मुलीकडे मेलबर्नला जाणार. सोळा म्हटलं तर नाही.

"एक मिनिट होल्ड करा," मी म्हणालो.

सावंगीला माझं छोटं दुकान आहे. ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर विकणं, भाड्यानं देणं आणि दुरुस्त करणं हे माझं काम. हे मशीन खोलीतलीच हवा आत घेतं, त्यातला नायट्रोजन बाजूला काढतं आणि ऑक्सिजन नळीतून नाकात सोडतं. सिलिंडर भरून आणायची कटकट नाही, पण वीज चोवीस तास लागते. फुप्फुसं कमजोर झालेले पेशंट घरी गेले की त्यांची मशीनं बघायला मी गावोगाव फिरतो. माणूस बरा आहे की नाही ते डॉक्टर बघतात. मी मशीन बरं आहे की नाही ते बघतो.

वामनराव एसटीचे निवृत्त ड्रायव्हर. सारी नोकरी आर्वी डेपोत गेली. बायको दोन वर्षांपूर्वी वारली. एकुलती मुलगी वैशाली लग्न करून मेलबर्नला. घरात ते आणि माझं मोठं मशीन. मशीनला पंधरा मीटरची नळी होती. त्याहून लांब नळी लावली तर धार कमी पडते. पंधरा मीटरमध्ये संडास, स्वयंपाकघर, पलंग आणि ओसरीतली खुर्ची एवढं येत होतं. फाटक येत नव्हतं. फाटकापर्यंत आलेला माणूस तिथूनच ओरडायचा, "काकाजी, बरं हाये का?" हे खुर्चीतून हात वर करायचे. ओरडून उत्तर द्यायला दम नव्हता. माणूस पुढे जायचा.

वैशालीनं ठरवलं की बाबांना आता तिकडेच न्यायचं. मोठं मशीन विमानात चालत नाही, सिलिंडर नेऊ देत नाहीत. त्यासाठी खांद्याला अडकवायचं छोटं मशीन असतं. ते बॅटरीवर चालतं. तिनं ते माझ्याकडून घेतलं आणि फोन केला.

"दादा, मी नेटवर बघितलं. दिल्ली ते मेलबर्न दहा हजार दोनशे किलोमीटर. विमानाचा स्पीड नऊशे. म्हणजे सव्वाअकरा तास. एक बॅटरी चार तास चालते. तीन पुरतात, एक जास्तीची. चार देऊन टाका."

हिशेब चोख होता, पण सुरुवातच चुकीच्या आकड्यापासून होती. नेटवर दोन विमानतळांमधलं जे अंतर दिसतं ते पृथ्वीच्या गोळ्यावर एक दोरी ताणून धरल्यासारखं असतं. दोन टोकांमधला सगळ्यांत जवळचा रस्ता. विमान काही दोरीवरून जात नाही. ते चढताना हळू असतं, उतरताना हळू असतं. वाऱ्याप्रमाणे, वादळाप्रमाणे वळसा घेतं. उतरायला जागा नसेल तर वर घिरट्या घालतं. म्हणून आम्ही किलोमीटर धरत नाही, टाइमटेबलमधली वेळ धरतो. ती साडेबारा तास होती. त्याच्या दीडपट बॅटरी जवळ पाहिजे हा कंपनीचा नियम. पावणेएकोणीस तास. चार बॅटऱ्यांचे सोळाच होतात. म्हणून पाच हव्या, आणि कंपनीनं पाचचीच परवानगी दिली होती. सहावी चालणार नाही असं आधीच कळवलं होतं.

"सीटजवळ चार्जिंग असेल ना?" तिनं विचारलं.

"असलं तर असलं. आपण नाही धरायचं."

मग मी आर्वीला जाऊन वामनरावांना हे सगळं सांगितलं. त्यांनी बाकीचं अर्धवट ऐकलं. अंतर मात्र दोनदा विचारून घेतलं.

"दहा हजार दोनशे?"

"हो."

"मी रोजचे तीनशे चालवो. म्हंजे किती दिवसाची ड्युटी झाली?"

"चौतीस."

"बाप्पा! महिन्याच्या वर. अन् ते एका बैठकीत. मधात थांबा?"

"नाही."

"चहाले बी नाई?"

"चहा जागेवर देतात."

"मंग ते काय गाडी हाये जी," ते म्हणाले, "ते तर कैद हाये."

पण त्यांची खरी अडचण दुसरीच होती. ती त्यांनी थोडा वेळ खोकून, थोडा वेळ नळी सरळ करून सांगितली. एसटीत नवा रूट मिळाला की ड्रायव्हर आधी जुन्या ड्रायव्हरच्या बाजूला बसून एक फेरी पाहून येतो. घाट कुठे, खड्डा कुठे, कुठल्या गावात बैल आडवे येतात. "रूट पाह्यल्याशिवाय मी कधी गाडी काढली नाई. हा रूट मले कोन दाखवन?"

मी म्हणालो, "मी दाखवतो."

बॅटरी बदलायची सवय त्यांना करून द्यायचीच होती. ती एकट्यानं, न बघता बदलता आली पाहिजे. म्हणून एक पूर्ण दिवस ठरवला. दोन बॅटऱ्या संपेपर्यंत विमानात बसल्यासारखं बसायचं. मी गेलो तर त्यांनी तयारी करून ठेवली होती. ओसरीत खिडकीशी खुर्ची. समोर अगदी गुडघ्याला टेकेल अशी दुसरी खुर्ची, पुढच्या सीटची म्हणून. डब्यात पोळी आणि बेसन. कमरेला एक जुना गमछा पट्ट्यासारखा बांधलेला. बाजूला माझ्यासाठी स्टूल.

डॉक्टरांनी टेस्ट करून विमानात सेटिंग तीनवर ठेवायला सांगितलं होतं. वर हवा विरळ असते, म्हणून घरच्यापेक्षा एक जास्त. मी छोटं मशीन तीनवर लावलं आणि मोठं बंद केलं.

मोठं बंद झालं आणि घर एकदम बहिरं झाल्यासारखं वाटलं. ते मशीन दिवसरात्र घरघरत असतं. दोन वर्षं त्या घरात दुसरा आवाज नव्हता. वामनरावांनी त्याच्याकडे वळून पाहिलं. एखादा माणूस बोलता बोलता उठून गेल्यावर पाहतात तसं.

मग मला म्हणाले, "आता पाहून काय राह्यले? कंडक्टर ना तुमी? दोन बेल द्या."

मी स्टुलावर बोटानं दोनदा वाजवलं. एसटीत एक बेल म्हणजे थांब, दोन म्हणजे चल.

छोट्या मशीनची पद्धत वेगळी असते. मोठं मशीन सतत धार सोडतं. छोटं माणसानं श्वास आत घेतला की तेवढ्यापुरता एक झोत सोडतं, 'फुस्' करून. श्वास नाही तर झोत नाही. त्यामुळे बॅटरी वाचते. पुस्तकातले चार तास हे मिनिटाला वीस श्वास धरून दिलेले असतात. पाचही बॅटऱ्या मी दुकानात त्याच वेगाच्या पंपावर तपासल्या होत्या. पाचही चार तास चालल्या होत्या.

वामनराव बोलायला लागले. डेपोतल्या पहिल्या दिवसापासून सुरुवात. पुलगावच्या फेरीत टपावर कोणी तरी बकरी चढवली आणि ती तळेगावपर्यंत कोणालाच कळली नाही, ते. एक कंडक्टर होता, तो झोपेतसुद्धा "पुढे सरका" म्हणायचा, ते. बायको गाडीचा आवाज ओळखायची. रस्त्यावरून चार गाड्या गेल्या तरी भाजी गरम करायला ठेवायची नाही, यांची गाडी आली की ठेवायची. वैशाली लहान असताना सुट्टीत कधी कधी सोबत यायची. ड्रायव्हरच्या बाजूला इंजिनचं बोनेट असतं, ते गरम असतं. थंडीत त्यावर घोंगडी टाकून तिला बसवायचे. पाच मिनिटांत झोपायची.

"एका हातानं स्टेरिंग अन् एका हातानं तिले धरो. गेअर टाकाची पंचाईत होये. प्याशिंजर म्हनत, ड्रायव्हर साहेब, पोरगी आमच्यापाशी द्या. मी म्हनो, नाई जी, राहू द्या."

हे ते एका दमात सांगत नव्हते. तीन-चार शब्द, एक फुस्. पुन्हा तीन-चार शब्द, पुन्हा फुस्.

पहिली बॅटरी तीन तास दहा मिनिटांत संपली.

मला वाटलं बॅटरी खराब. त्यांनी दुसरी लावली, न बघता, पहिल्याच झटक्यात. दुसरी सव्वातीन तासांत संपली. एक खराब असू शकते. लागोपाठ दोन, तीही कालच तपासलेल्या, हे मला पटेना. मशीन उघडलं, फिल्टर पाहिला, नळीला कुठे गळती आहे का पाहिलं. काही नव्हतं. सगळ्या बॅटऱ्या अशाच उतरल्या तर पाचांचे सोळा तास. साडेबारा तासांचा प्रवास त्यात होतो, पण नियमात बसत नाही. आणि नियम उगीच केलेला नसतो. विमान उशिरा सुटलं, दुसरीकडे वळवलं, तर वर बॅटरी कुठून आणणार?

मी त्यांना काही सांगितलं नाही. म्हणालो, "परवा पुन्हा येतो. एक बॅटरी अजून पाहू."

"या ना," ते म्हणाले. "येजा. अजून मेळघाटातलं सांगाचंच राह्यलं."

परवा गेलो तेव्हा मला आर्वीतच आणखी एका पेशंटकडे मशीन बघायचं होतं. म्हणून वामनरावांना खुर्चीत बसवलं, तीच बॅटरी, तेच सेटिंग, शेजारच्या वहिनींना मधूनमधून डोकावायला सांगितलं आणि निघालो. त्यांचा चेहरा जरा उतरला. "तुमी नाई बसत का?" मी म्हणालो, काम आहे.

परत आलो तर मशीन चालूच होतं. मी स्टुलावर बसून वाट पाहिली. ते खिडकीबाहेर पाहत होते. त्यांना वाटलं असावं की मी मोजतो आहे, मध्ये बोलू नये. बॅटरी चार तास पाच मिनिटं चालली.

"एवढा वेळ काय केलं?" मी विचारलं.

"काय करतो? बसलो."

"बोललात कोणाशी?"

"कोनाशी बोलू?" ते म्हणाले. त्यात तक्रार नव्हती.

मग मी घड्याळ लावून त्यांचे श्वास मोजले. गप्प असताना मिनिटाला वीस. "मेळघाटातलं काय सांगायचं राहिलं होतं?" असं विचारलं आणि पुन्हा मोजले. पंचवीस, कधी सव्वीस. फुप्फुसं कमजोर असली की बोलताना श्वास तुटक आणि वरचेवर घ्यावा लागतो. श्वास जास्त, झोत जास्त, बॅटरी लवकर खलास. खुर्ची तीच, मशीन तेच, बॅटरी तीच. परवा आणि आज यांत फरक एवढाच होता की परवा मी समोर बसलो होतो.

हे सगळं त्या होल्डच्या एका मिनिटात माझ्या डोक्यातून गेलं.

"हॅलो सर? कितने घंटे?"

"बोलले नाहीत तर वीस तास," मी म्हणालो.

"जी?"

मी त्याला हिंदीत समजावलं. पेशंट चूपचाप बैठेगा तो बीस. बात करेगा तो सोला.

"सर, सिस्टम में ऐसा ऑप्शन नहीं है. एक नंबर देना पड़ेगा."

"सहावी बॅटरी चालेल का?"

"नहीं सर. पाँच."

"मग मी उद्या सांगतो," म्हणालो.

वैशालीला फोन लावून सगळं सांगितलं. ती हसली. "दादा, बाबा कुठं बोलतात? मी दर आठवड्याला फोन करते. बरं हाये, जेवलो, ठेवतो. संपलं. ते अख्खा प्रवास गप्प बसतील, तुम्ही बिनधास्त वीस सांगा."

मी तिला टपावरच्या बकरीचं विचारलं नाही. बोनेटचंही नाही. संध्याकाळी आर्वीला गेलो आणि वामनरावांना मात्र विचारलं, पोरीशी फोनवर का बोलत नाही म्हणून.

"तिकडं तिची झोपाची वेळ होते. सकाळी कामावर जा लागते तिले. काऊन तिचा वेळ खाऊ? अन् बोललो का दम लागते. दम लागला का ते घाबरते. बाबा काय झालं, बाबा काय झालं. त्याच्यापेक्षा बरं हाये म्हनलेलं बरं."

मी त्यांना दोन्ही आकडे सांगितले. लपवण्यात अर्थ नव्हता. श्वास त्यांचे होते. ते ऐकत राहिले. मग म्हणाले, "म्हंजे तोंड बंद ठेवलं तर तिकीट."

"साडेबारा तास. अगदीच काही लागलं तर बोला. गप्पा नाही."

"बाजूचा प्याशिंजर काई बोलला तर?"

"मान हलवा."

"ड्रायव्हरशी बोलू नये असं गाडीत लिहून राहे," ते म्हणाले. "जनमभर माया मागं तेच लिहून होतं. जमन मले." मग त्यांनी हात पुढे केला. मी हातात हात दिला. ड्रायव्हर माणूस, शब्द दिला म्हणजे दिला.

दुसऱ्या दिवशी मी कंपनीला वीस तास कळवले.

नागपूर विमानतळावर त्यांना मीच सोडलं. वैशालीनं येण्याचा हट्ट धरला होता, पण तिला सुट्टी नव्हती. तिथून दिल्ली, दिल्लीला व्हीलचेअर आणि चार्जिंगची सोय, मग पुढचं विमान. आर्वीहून निघताना शेजारच्या वहिनींनी फाटकापर्यंत येऊन निरोप दिला. छोट्या मशीनमुळे वामनराव त्या दिवशी स्वतः चालत फाटकाबाहेर आले. एकदा वळून घराकडे पाहिलं आणि गाडीत बसले. तळेगाव गेलं तरी एक शब्द नाही. मला वाटलं मन भरून आलं असेल. मी हवापाण्याचं काहीबाही बोलून पाहिलं.

त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. मग मशीनकडे दाखवलं.

आतापासूनच सुरू केलं होतं. बॅटरी गाडीतल्या चार्जरवर होती, बोललं असतं तर काही बिघडणार नव्हतं. मी तसं सांगितलंही. त्यांनी मान हलवली. सराव हवा, असा त्याचा अर्थ मी घेतला. वाटेत चहाची टपरी दिसली तेव्हा डॅशबोर्डवर बोटानं एकदा ठोकलं. मी थांबलो. चहा झाल्यावर दोनदा ठोकलं. निघालो. नागपूरपर्यंत एवढंच संभाषण.

विमानतळावर व्हीलचेअर आली. पाच बॅटऱ्या, डॉक्टरांचं पत्र, पासपोर्ट, सगळं पुन्हा एकदा तपासलं. मी वाकून नमस्कार केला. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, तोंड उघडलं आणि मिटलं. मग खुर्चीच्या दांडीवर दोनदा ठोकलं. ढकलणाऱ्या मुलीला काही कळलं नाही. पण ती निघाली.

परतताना मी आर्वीला जाऊन मोठं मशीन गाडीत टाकलं. नळी गुंडाळायला वेळ लागला. ती पलंगाखालून, दाराच्या फटीतून, ओसरीतल्या खुर्चीच्या पायाभोवती फिरली होती.

दुसऱ्या दिवशी वैशालीचा फोन आला. आवाजातून आनंद सांडत होता. "पोचले दादा! एकदम व्यवस्थित. पाचवी बॅटरी तर लावावीच लागली नाही. मशीन मस्त आहे."

मी हिशेब केला. सीटवर बसल्यापासून खाली उतरेपर्यंत साधारण साडेतेरा तास. बोलत गेले असते तर चौथी संपून पाचवी लागली असती. नाही लागली. म्हणजे दिल्लीपासून मेलबर्नपर्यंत वामनरावांनी शब्द पाळला. खिडकीबाहेर दहा हजार दोनशे किलोमीटरचा नवा रूट गेला आणि त्यांनी त्याबद्दल कोणाला काही सांगितलं नाही.

महिन्याभरानं सर्व्हिसची आठवण म्हणून मी तिला मेसेज केला. मशीन कसं चालू आहे? तिचं उत्तर आलं. उत्तम. दोघं नवरा-बायको कामावर गेले की बाबा छोटं मशीन घेऊन अंगणात बसतात, सेटिंग तिकडच्या डॉक्टरांनी तीनवरच ठेवलंय. बॅटरी रोज बरोबर चार तास टिकते. कधी पाच मिनिटं जास्तच.

मी तो मेसेज दोनदा वाचला. दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. घरी आम्ही दोघंच असतो, बायको आणि मी, आणि जेवताना टीव्ही चालू असतो. त्या दिवशी जेवताना मी तो बंद केला. बायकोनं विचारलं, काय झालं? काही नाही, म्हणालो.

पुढच्या रविवारी सकाळी मी वामनरावांना फोन लावला. "बरं हाये," ते म्हणाले. "जेवलो."

"मेळघाटातलं राहिलं होतं," मी म्हणालो.

तिकडे दोन-तीनदा फुस् ऐकू आलं. मग ते सुरू झाले. दीड तास झाला तेव्हा मेळघाटातली गाडी अजून चढावरच होती. बाकीचं पुढच्या रविवारी.

असे पाच-सहा रविवार झाल्यावर वैशालीचा फोन आला. जरा काळजीत होती.

"दादा, मशीनमध्ये काही बिघाड असेल का? एरवी ठीक चालतं. पण रविवारी आम्ही भाजी आणायला जातो ना, परत येईपर्यंत बॅटरी वीस-पंचवीस मिनिटं आधीच संपलेली असते. नेमकं रविवारीच."

दीड तास बोललं की बॅटरी वीस-पंचवीस मिनिटंच कमी चालते. आकडा बरोबर जुळत होता.

"रविवारी मशीन ठीक असतं, ताई," मी म्हणालो. "बाकीचे सहा दिवस जरा बघा."

तिनं हळूच विचारलं, "बाबा बोलतात का तुमच्याशी?"

"तुम्ही लहान असताना बोनेटवर झोपायचात, ते माहीत आहे मला."

मग तिनं ठेवते म्हटलं.

आता त्यांच्याकडे बॅटरी रोज किती टिकते ते मला माहीत नाही. तिनं त्यानंतर कळवलं नाही आणि मी विचारलं नाही. आमच्या धंद्यात बॅटरी लवकर उतरली की लगेच तक्रार येते. पुरेपूर टिकली की कोणी फोन करत नाही.